इंग्लंडमधील ग्रामीण पायवाटा, सायकलमार्ग आणि ऐतिहासिक स्थळे : सार्वजनिक वहिवाटीच्या संदर्भात

प्रास्ताविक

इंग्लंड म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम लंडन उभे राहते. मराठीतील बहुतांश इंग्लंडविषयक प्रवासवर्णने त्या महानगराभोवतीच फिरतात. ग्रामीण इंग्लंड भेटते ते पाठ्यपुस्तकांतून. वर्डस्वर्थच्या कवितेतून सरोवरांचा प्रदेश, हार्डीच्या कादंबऱ्यांतून वेसेक्स, ब्राँटे भगिनींच्या लेखनातून यॉर्कशरची माळराने. या साहित्यातील माणसे सतत चालत असतात. शेतांतून, कुरणांतून, टेकड्यांवरून मैलोन्‌मैल चालतात. ती कोणाच्या जमिनीतून चालतात, हा प्रश्न मात्र वर्गात सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. इंग्लंडमधील बहुसंख्य जमीन खाजगी मालकीची आहे. असे असूनही एखाद्या शेतकऱ्याच्या उभ्या गव्हातून जाणारी हातभर रुंदीची वाट कोणीही अनोळखी मनुष्य बिनदिक्कत तुडवू शकतो आणि मालकाला त्याला अडविता येत नाही. पर्यटक ज्याला 'निसर्गरम्य पदभ्रमण' म्हणतो, त्याच्या मुळाशी कायदा, संघर्ष आणि दप्तर या तीन गोष्टी आहेत. त्यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाट हा हक्क कसा ठरतो?

मराठीत 'फुटपाथ' म्हणजे रस्त्याच्या कडेची पदपथाची पट्टी. इंग्लंडच्या कायद्यात मात्र हा शब्द शेताशिवारातून जाणाऱ्या, केवळ पायी चालण्याचा सार्वजनिक हक्क असलेल्या वाटेसाठी वापरला जातो. दुसरा प्रकार 'ब्रायडलवे' म्हणजे घोडवाटेचा. तिच्यावरून पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार जाऊ शकतात. तिसरा 'रिस्ट्रिक्टेड बायवे', ज्यावर बैलगाडी वा घोडागाडीसारखी बिगरमोटारी वाहनेही चालतात. आणि चौथा सर्व वाहनांना खुला असलेला बायवे. वाटेच्या खांबांवरील बाणांचे रंगही यानुसार ठरलेले आहेत. पादचारी वाटेला पिवळा, घोडवाटेला निळा, तिसऱ्या प्रकाराला जांभळा आणि चौथ्याला लाल. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा नोंदलेल्या वाटांची एकूण लांबी सुमारे १ लाख ४० हजार मैल भरते.

येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, वाटेखालची जमीन मालकाचीच राहते. जनतेला मिळतो तो केवळ ये-जा करण्याचा हक्क. हा हक्क निर्माण होण्याचा सर्वांत रूढ मार्ग म्हणजे दीर्घकालीन वापर. १९३२ च्या 'राइट्स ऑफ वे' कायद्याने आणि पुढे १९८० च्या महामार्ग कायद्याने असे ठरविले की, एखाद्या वाटेचा जनतेने २० वर्षे अखंडपणे, उघडपणे आणि कोणाची परवानगी न मागता वापर केला असेल, तर मालकाने ती वाट लोकांना अर्पण केली आहे असे मानले जाईल. मालकाला हे नको असेल, तर आपला तसा हेतू नव्हता हे त्याने दाखवून द्यावे लागते. 'वहिवाट' हा मराठी शब्द या कल्पनेच्या फार जवळचा आहे. भारतातील १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही २० वर्षांच्या वहिवाटीचे तत्त्व आहे आणि त्याचे मूळ इंग्लिश कायद्यातच आहे. फरक एवढाच, आणि तो महत्त्वाचा, की आपल्याकडील हा सुविधाधिकार मुख्यतः शेजारच्या जमीनधारकाला स्वतःच्या जमिनीच्या उपभोगासाठी मिळतो. इंग्लंडमधील पायवाटेचा हक्क जिचे तेथे तसूभर शेत नाही अशा कोणत्याही व्यक्तीचा असतो.

हक्क आला की त्याचे तपशीलही आले, आणि हे तपशील मोठे मनोरंजक आहेत. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकरी नांगरू शकतो. पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. ज्या शेतातून वाट जाते त्या शेतात दहा महिन्यांहून मोठा, ठरावीक दुभत्या जातींचा वळू मोकळा सोडता येत नाही. अन्य जातीचा वळू सोडायचा तर त्याच्यासोबत गाई वा कालवडी असाव्या लागतात. १९८१ च्या कायद्यातील या तरतुदीमागे, गाईंच्या सहवासात वळू शांत राहतो हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव असावा. डांबरी रस्त्यावरून वाट जेथे फुटते तेथे दिशादर्शक खांब उभारण्याचे काम १९६८ च्या कायद्याने स्थानिक महामार्ग प्राधिकरणाकडे सोपविले आहे.

वाटा कशा पडल्या आणि कशा बुजल्या

या वाटा सहलीसाठी पडल्या नव्हत्या. गावातून चर्चला, शेतातून गिरणीला, खाणीतून घराला जाणाऱ्या माणसांनी त्या पाडल्या. सरोवरांच्या प्रदेशात अँबलसाइडहून रायडलमार्गे ग्रासमिअरला जाणारी आजची लोकप्रिय वाट ही मुळात प्रेतवाट होती. ज्या वस्तीला स्वतःची दफनभूमी नव्हती तेथील लोक मृताची पेटी खांद्यावर घेऊन या वाटेने ग्रासमिअरच्या चर्चपर्यंत जात. पेटी टेकविण्यासाठीचा सपाट दगड वाटेवर आजही दाखविला जातो. ही वाट वर्डस्वर्थच्या रायडल माउंट या घराला लागूनच जाते. कवी येथे १८१३ पासून १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिला. सरोवरांचा प्रदेश ही एका अर्थी राष्ट्राची मालमत्ता आहे, असा विचार त्याने आपल्या प्रदेश-मार्गदर्शिकेत मांडला, म्हणून राष्ट्रीय उद्यानांच्या चळवळीत त्याचे नाव आदराने घेतले जाते. परंतु याच कवीने १८४४ मध्ये विंडरमिअरकडे येणाऱ्या रेल्वेला कडाडून विरोध केला. रेल्वेतून कारखान्यांतील कामगारांचे लोंढे येतील आणि त्यांना या सौंदर्याची जाण नसेल, ही त्याची एक भीती होती. वर्डस्वर्थ शिकविताना ही दुसरी बाजू सांगितली जात नाही. ती सांगितली जावी.

वाटा बुजण्याचे मोठे कारण 'एन्क्लोजर' म्हणजे कुंपणबंदी हे होय. आपल्याकडील गायरानांशी ज्यांची तुलना करता येईल अशा सामाईक जमिनी आणि खुली शेते खाजगी मालकीत आणण्याची ही प्रक्रिया होती. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने यासाठी ५,२०० हून अधिक कायदे संमत केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडा अधिक भाग आला. आज पर्यटक ज्या दगडी गडग्यांची आणि झुडपी कुंपणांची छायाचित्रे कौतुकाने घेतात, त्यांतील पुष्कळ कुंपणे या व्यवहाराची उरलेली खूण आहेत. त्याच वेळी कुंपणबंदीच्या निवाड्यांनी काही वाटांची रुंदी आणि दिशा लेखी नोंदविली. त्यामुळे गरिबांची कुरणे हिरावून घेणारा कागद आज अनेकदा पादचाऱ्यांच्या बाजूचा पुरावा ठरतो.

किंडर स्काउट, १९३२

औद्योगिक क्रांतीनंतर मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन धुरकट शहरांच्या मध्ये पीक डिस्ट्रिक्टचा डोंगराळ प्रदेश उरला होता. रविवारी कामगारांच्या झुंडी तिकडे निघत. पण सर्वांत उंच पठार, किंडर स्काउट, ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेले होते आणि तेथे रखवालदार उभे असत. डोंगरांवर प्रवेश देणारे विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्येच संसदेत मांडले होते. ते संमत झाले नाही. पुढील अनेक प्रयत्नही फसले.

२४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड या गावाहून काहीशे तरुण पठाराकडे निघाले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन हा मँचेस्टरचा वीस वर्षांचा बेकार कामगार होता. वर रखवालदारांशी झटापट झाली. उतरल्यावर पोलिसांनी सहा जणांना पकडले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे ही तेव्हा दिवाणी बाब होती, तिच्यासाठी तुरुंगवास देता येत नव्हता. म्हणून आरोप ठेवले गेले ते दंगा आणि मारहाणीच्या स्वरूपाचे. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने मिळाले.

या घटनेचे मूल्यमापन करताना थोडी सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळच्या प्रस्थापित पदभ्रमण संघटनांना हा मार्ग पसंत नव्हता. अशाने वाटाघाटी बिघडतील असे त्यांचे मत होते. शिवाय पुढील कायदा एका झटापटीतून आला नाही. मात्र दगडगोट्यांच्या उजाड पठारावर चालल्याबद्दल तरुणांना तुरुंगात टाकले गेले, या गोष्टीने लोकमत ढवळले हे निश्चित. जॉन डॉवर यांचा १९४५ चा अहवाल, हॉबहाउस समितीचा १९४७ चा अहवाल आणि अखेर १९४९ चा 'राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रदेश-प्रवेश' कायदा असा पुढील क्रम आहे. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. पत्रकार टॉम स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये मांडलेली दीर्घ पदमार्गाची कल्पना २४ एप्रिल १९६५ रोजी, म्हणजे किंडरच्या घटनेच्याच तारखेला, 'पेनाइन वे' या २६८ मैलांच्या मार्गाच्या रूपाने साकार झाली. २००२ मध्ये, सत्तराव्या स्मृतिदिनी, त्या जमिनीच्या तत्कालीन मालकाच्या वंशातील ड्यूक ऑफ डेव्हनशर यांनी आपल्या पूर्वजांच्या कृतीबद्दल जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली.

२००० च्या 'ग्रामीण प्रदेश व वहिवाट हक्क' कायद्याने पर्वत, माळराने, झुडपी राने, खडूच्या टेकड्या आणि नोंदलेल्या सामाईक जमिनी यांवर वाट सोडूनही पायी हिंडण्याचा हक्क दिला. हा हक्क इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूभागापुरता आहे. नद्यांचे काठ, बहुतेक वने आणि शहरांलगतची हिरवळ त्याबाहेर राहिली. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ मध्ये जवळजवळ सर्व जमिनीवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला, हे पाहता इंग्लंडमधील मर्यादा अधिकच जाणवते.

रिजवे : एकाच मार्गावर अनेक कालखंड

इतिहास, भूगोल आणि कायदा एकत्र पाहावयाचा असेल तर 'रिजवे' हा राष्ट्रीय पदमार्ग उत्तम उदाहरण ठरतो. १९७३ मध्ये अधिकृतपणे खुला झालेला हा ८७ मैलांचा मार्ग विल्टशरमधील एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून निघून खडूच्या टेकड्यांच्या धारेवरून बकिंगहॅमशरमधील आयव्हिंगो बीकनपर्यंत जातो. खडूच्या जमिनीत पाणी लगेच झिरपते. खालच्या चिकणमातीच्या खोऱ्यात पावसाळी चिखल असताना धारेवरची वाट तुलनेने कोरडी राही. ही वाट पाच हजार वर्षे सलग वापरात आहे, असे प्रवासी पुस्तिका ठामपणे सांगतात. पुरातत्त्वज्ञ या दाव्याबाबत बरेच सावध आहेत. प्राचीन काळी धारेवर एक वाट नसून अनेक समांतर वाटा असाव्यात. पश्चिम भागातील आजची आखीव रेषा बव्हंशी कुंपणबंदीच्या काळात ठरली.

प्रारंभीच एव्हबरीचे शिलावर्तुळ आहे. जॉन ऑब्री याला ते १६४९ मध्ये शिकारीला गेला असता दिसले, असे त्यानेच नोंदविले. सतराव्या-अठराव्या शतकांत गावकऱ्यांनी यातील अनेक शिळा आग पेटवून तापविल्या, वर पाणी ओतून फोडल्या आणि घरांसाठी वापरल्या. १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलर यांनी पडलेल्या व पुरलेल्या शिळा पुन्हा उभारल्या. म्हणजे आज दिसणारे वर्तुळ हे नवाश्मयुगाचे जितके आहे तितकेच काही अंशी विसाव्या शतकाचे आहे. १९८६ पासून एव्हबरी आणि स्टोनहेंज मिळून जागतिक वारसास्थळ आहे. परंतु एव्हबरीत वर्तुळाच्या आतच गाव वसलेले आहे, मेंढ्या चरतात आणि शिळेला हात लावता येतो. पायी येणाऱ्याला स्टोनहेंजपेक्षा एव्हबरी अधिक उमगते, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे वेलँड्स स्मिदी हे लांबट थडगे लागते. घोडा आणि एक नाणे ठेवून दूर जावे, न दिसणारा लोहार नाल ठोकून ठेवतो, अशी त्याची आख्यायिका आहे. थोड्याच अंतरावर अफिंग्टनचा पांढरा घोडा आहे. टेकडीच्या उतारावर चर खणून त्यात खडू भरून काढलेली ही सुमारे ११० मीटर लांबीची आकृती सॅक्सन राजांच्या काळातील असावी असे दीर्घकाळ मानले जाई. १९९० च्या दशकात मातीच्या थरांचे प्रकाशदीप्ती पद्धतीने कालमापन झाले आणि ती इ. स. पूर्व १३८० ते ५५० या दरम्यानची असल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या वैमानिकांना ती खूण ठरू नये म्हणून आकृती झाकून टाकण्यात आली होती. खडू वेळोवेळी कुटून भरला नाही, तर गवत काही वर्षांतच रेषा गिळून टाकील. याचा अर्थ असा की, सुमारे तीन हजार वर्षे कोणीतरी, कोणत्याही सलग राजसत्तेशिवाय वा धर्मसंस्थेशिवाय, हे काम करीत आले आहे. आजही स्वयंसेवक हातोडे घेऊन खडू कुटतात.

कायद्याच्या दृष्टीने या मार्गाचे दोन भाग पडतात. थेम्स नदीच्या पश्चिमेकडील भाग बायवे आणि घोडवाटांचा असल्याने तेथे सायकल चालते. नदी ओलांडली की पूर्वेकडे बराचसा भाग निव्वळ पादचारी वाटेचा आहे, तेथे सायकलस्वाराला दुसरा मार्ग शोधावा लागतो. माती तीच, टेकड्या त्याच. बदलतो तो खांबावरच्या बाणाचा रंग. पश्चिम भागात मोटारींच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या हा अनेक वर्षे वादाचा विषय होता. २००६ च्या कायद्याने अशा जुन्या मार्गांवरील नोंद नसलेले मोटारीचे बहुतेक हक्क संपुष्टात आणले.

सायकलमार्ग : बंद रेल्वेचा पुनर्वापर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलने इंग्लिश कामगाराला गावाबाहेर नेले. १८७८ मध्ये सायकलस्वारांचा प्रवासी संघ स्थापन झाला, तर १८९४ मध्ये 'क्लॅरियन' या समाजवादी नियतकालिकाच्या नावाने निघालेल्या मंडळाने सायकल आणि विचारप्रसार यांची सांगड घातली. घोडवाटांवर सायकलला प्रवेश मिळाला तो मात्र १९६८ मध्ये, तोही पादचारी व घोडेस्वार यांना वाट देण्याच्या अटीवर. वाट सायकलयोग्य करून देण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकली नाही. परिणामी नोंदलेल्या वाटांपैकी सुमारे एक पंचमांशच सायकलला खुल्या आहेत.

ही उणीव काही प्रमाणात रेल्वेने भरून काढली. १९६३ च्या बीचिंग अहवालाने २,३६३ स्थानके आणि सुमारे ५,००० मैलांचे लोहमार्ग बंद करण्याची शिफारस केली. रेल्वेचा चढ नेहमीच सौम्य असतो. रूळ उखडल्यावर उरलेली भुई सायकलसाठी जणू तयारच होती. ब्रिस्टल येथे १९७७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'सस्ट्रान्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने ब्रिस्टल ते बाथ हा १३ मैलांचा मार्ग स्वयंसेवकांच्या श्रमातून बांधला. १९९५ मध्ये मिळालेल्या सहस्रक निधीतून राष्ट्रीय सायकल जाळे उभे राहू लागले. पीक डिस्ट्रिक्टमधील मॉन्सल ट्रेल हाही असाच मार्ग. ज्या रेल्वेपुलाने दरीचे सौंदर्य नासल्याबद्दल जॉन रस्किन संतापला होता, तोच पूल आज सौंदर्यस्थळ म्हणून दाखविला जातो. या मार्गावरील बोगदे २०११ मध्ये खुले झाले. जाळ्याच्या दर्जाविषयी मात्र संस्थेनेच प्रांजळपणा दाखविला. वाहतुकीमुळे असुरक्षित ठरलेले जवळजवळ एक चतुर्थांश मार्ग तिने २०२० मध्ये जाळ्यातून वगळले किंवा त्यांचा दर्जा बदलला.

पावलांचा भार

रोमन सम्राट हेड्रियन याच्या आज्ञेने इ. स. १२२ पासून उभारलेल्या भिंतीलगतचा ८४ मैलांचा राष्ट्रीय पदमार्ग २००३ मध्ये खुला झाला. अडचण अशी की, भिंतीचे पुष्कळसे अवशेष गवताखाली आहेत आणि वर फरसबंदी केली तर तेच नष्ट होतील. म्हणून हा मार्ग शक्य तेथे गवताचाच ठेवला आहे. एकामागे एक न चालता शेजारी-शेजारी चालावे, जेणेकरून एकच चर पडणार नाही, अशी विनंती प्रवाशांना केली जाते. भिजलेल्या जमिनीवर हिवाळ्यात चालणे टाळावे असेही सुचविले जाते. याच मार्गावरील सिकमोर गॅपचा प्रसिद्ध वृक्ष सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीच्या वेळी कापला गेला. २०२५ मध्ये दोघांना त्यासाठी तुरुंगवास झाला.

या वाटांवर किती लोकांचे पोट अवलंबून आहे, हे २००१ मध्ये उघड झाले. जनावरांतील लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे देशभरातील पायवाटा बंद केल्या गेल्या. साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली, आणि त्याच वेळी ज्यांच्याकडे एकही जनावर नव्हते अशी खाणावळी-निवासांची मालक मंडळीही रिकाम्या खोल्यांकडे पाहत बसली.

नोंद न झालेल्या वाटा

१९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटी परिषदेस सर्व सार्वजनिक वाटांचा निर्णायक नकाशा करण्यास सांगितले. नकाशावर वाट असेल तर तो तिच्या अस्तित्वाचा अंतिम पुरावा. नसेल तर ती नाहीच, असे मात्र सिद्ध होत नाही. पाहणीचे काम प्रामुख्याने पॅरिश म्हणजे ग्रामपातळीवरील मंडळांनी केले. काहींनी ते निष्ठेने केले, काहींनी जमीनदाराची मर्जी पाहिली, काहींनी जेमतेम उरकले. परिणामी एका गावातून येणारी वाट पुढच्या गावाच्या शिवेवर अचानक संपते, अशी उदाहरणे नकाशांवर आढळतात.

२००० च्या कायद्याने १९४९ पूर्वीच्या परंतु नोंद न झालेल्या पादचारी वाटा व घोडवाटांसाठी १ जानेवारी २०२६ ही अंतिम मुदत ठरविली. त्यानंतर त्यांवरील हक्क नष्ट होणार होता. पदभ्रमण करणाऱ्यांच्या 'रॅम्बलर्स' या संघटनेने २०२० मध्ये स्वयंसेवकांकरवी जुने व नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये ४९ हजार मैलांहून अधिक संभाव्य हरवलेल्या वाटा आढळल्या. शासनाची भूमिका मात्र डळमळत राहिली. २०२२ मध्ये मुदत रद्द करण्याची घोषणा झाली. २०२३ मध्ये ती फिरवून मुदत २०३१ पर्यंत वाढविण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्द करण्याचा मनोदय पुन्हा जाहीर केला. जमीनमालकांची बाजूही सर्वस्वी निराधार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरून आज आपल्या अंगणातून वाट निघेल काय, या अनिश्चिततेत जमिनीचा व्यवहार करणे कठीण असते.

वाट सिद्ध करण्याचे काम दप्तरखान्यात चालते. एकोणिसाव्या शतकातील दशमांश-कराचे नकाशे, कुंपणबंदीचे निवाडे, रेल्वे कंपन्यांनी संसदेत दाखल केलेले आराखडे चाळावे लागतात. यांत सर्वांत गमतीचा पुरावा १९१० च्या वित्त कायद्याखालील मूल्यांकनाचा होय. जमिनीच्या मूल्यवाढीवर कर लावण्यासाठी तेव्हा देशभर मोजणी झाली आणि शेतातून सार्वजनिक वाट जात असल्यास मालकाला मूल्यात सूट मिळे. खोटी सूट मागणे हा गुन्हा होता. त्यामुळे सूट घेतलेल्या मालकांनी ती वाट एकशे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच मान्य करून ठेवली आहे. त्या नोंदी असलेली मिळकतनिहाय पुस्तके लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि एखाद्या खेड्यातील वाटेचा दावा करू पाहणारा स्वयंसेवक सायकल बाहेर उभी करून तेथे पेन्सिलीने शेताचा क्रमांक उतरवून घेत बसलेला असतो.